खर्जवाल्यांनी ताईजवळ बसावं

घरात त्याला सगळे बटण्या म्हणत. लहानपणी दिसेल ते बटण दाबून बघायची खोड होती, म्हणून हे नाव पडलं. पन्नाशीला टेकला तरी ना खोड गेली ना नाव. पोटापाण्यासाठी तो लिफ्टची देखभाल करायचा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मात्र तो शाळेच्या सभागृहात बत्तीस जणांच्या गायकवृंदात मागच्या रांगेत उभा असायचा. मागची रांग म्हणजे खर्ज. पुढच्या बायका चालीबरोबर वरखाली भिरभिरत आणि मागचे सहा पुरुष दोन-तीन स्वरांवर ठाण मांडून राहत. बटण्याला तेच आवडायचं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की तो तेच स्वर घोळवत बसे. एकदा चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी तक्रार केली होती, की दुरुस्ती झाल्यापासून लिफ्ट घुमते.

वृंदातली तांत्रिक कामंही आपसूक त्याच्याकडे आली होती. प्रत्येक रांगेचा भाग तो वेगळा रेकॉर्ड करी, खरखर काढून टाकी आणि सगळ्यांच्या फोनवर पाठवी. कुणी इस्त्री करताना सराव करी, कुणी बसमध्ये.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्याच्याकडे सगळं कुटुंब जेवायला जमायचं. दोन टेबलं जोडायची, शेजारून चार खुर्च्या आणायच्या आणि सोळा माणसं बसवायची. एका वेळी चार विषय चालत आणि कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नसे. त्या गोंगाटात बटण्या तृप्त होऊन वाढत फिरायचा.

पण सलग तीन महिने ताई जेवायला आली नाही. ताई म्हणजे सगळ्यांत थोरली बहीण. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई यंत्रांच्या खडखडाटात तिची चाळीस वर्षं गेली होती, आणि दोन वर्षांपासून दोन्ही कानांत श्रवणयंत्रं होती. पहिल्यांदा तिचं डोकं दुखत होतं, मग पाहुणे आले होते, आणि आता म्हणे गुडघा धरला होता. बटण्या टीव्हीचा रिमोट बघायच्या निमित्ताने तिच्याकडे गेला.

"गुडघा कसा आहे?" त्याने जवळ बसून विचारलं.

"कुठला?" ताई म्हणाली, आणि स्वतःच ओशाळली.

थोडा वेळ ती टेबलावरचं कापड सारखं करत राहिली. मग म्हणाली, "तुझ्याकडे मला काही कळत नाही रे. सगळे हसले की मीही हसते. मागच्या वेळी तुझी वहिनी काहीतरी सांगत होती, आणि मी हसत होते. घरी जाताना कळलं, ती तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलत होती. कुठल्या तोंडाने येऊ?"

बटण्याला अशा वेळी शब्दांऐवजी यंत्रं सुचत. आठवडाभरात त्याने एक छोटा माइक मिळवला. टेबलावर ठेवला की तो तिथलं बोलणं थेट ताईच्या श्रवणयंत्रांत पाठवणार होता. ताईने आढेवेढे घेतले, पण त्याच्या उत्साहापुढे तिचं चाललं नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी माइक बरोबर मधोमध ठेवला होता. सोळा माणसं बोलायला लागली, चमचे ताटांवर आपटले, कुणीतरी खुर्ची ओढली. दहाव्या मिनिटाला ताईने दोन्ही यंत्रं काढून पर्समध्ये ठेवली आणि ती स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली. बटण्या मागोमाग गेला तेव्हा तिने त्याच्या पाठीवर ओला हात ठेवला.

"यंत्र चांगलं आहे रे तुझं. बिचाऱ्याला कुणाचं ऐकावं तेच कळत नाही."

पुढच्या सरावाला त्याचा सूर दोनदा घसरला. वृंद बसवणाऱ्या बाईंच्या कानातून असलं काही सुटत नसे. सगळे पांगल्यावर त्यांनी त्याला थांबवलं, आणि त्याने झालं ते सांगितलं.

"माइक किती?" बाईंनी विचारलं.

"एक."

"आणि बोलणारे?"

"सोळा."

"इथले बत्तीस जण मनाला येईल तिथे उभे राहिले, तर मला तरी काय ऐकू येईल? बरं, ताईंना सगळ्यांत नीट कुणाचं कळतं?"

बटण्याने आठवून पाहिलं. "माझं. आणि दादाचं. माझ्या बायकोचं अजिबात नाही."

"म्हणजे दोघं भाऊ खर्जातले. त्यांना ऐकू येतंय, फक्त सगळं येत नाही. काय येतं ते आधी शोधा की."

ते शोधायचं साधन तर त्याच्या खिशातच होतं. दुसऱ्या दिवशी त्याने ताईला समोर बसवलं आणि वृंदाच्या चारही रांगांचे भाग एकेक करून ऐकवले. कळेल तो शब्द तिने कागदावर लिहायचा. मागच्या रांगेचे सगळे शब्द तिने बिनचूक लिहिले. पुढच्या रांगेला कागद कोराच राहिला.

"लांब कुणीतरी शिट्टी वाजवतंय एवढंच कळतं," ती म्हणाली. मग कागद सरकवून म्हणाली, "पण तुमच्या रांगेला चालच नाही रे. दोन तास उभं राहून एवढंच म्हणता?"

तो कागद घेऊन दोघं कानाच्या दवाखान्यात गेली. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी ताईची पुन्हा तपासणी केली आणि बारीक आवाज जरा उचलले जातील अशी यंत्रं जुळवून दिली. "गोंगाटात मात्र माणसांनीच मदत करायला हवी," असंही त्यांनी बजावलं.

पुढच्या महिनाअखेरच्या रविवारी बटण्याच्या फ्रिजवर बैठकीचा नकाशा चिकटवलेला होता. वर लिहिलं होतं, 'खर्जवाल्यांनी ताईजवळ बसावं.' ताईची पाठ भिंतीला, दोन्ही बाजूंना दादा आणि बटण्या, टेबलावर जाड कापड. बारीक आवाजाच्या मंडळींसाठी कॉलरला लावायचा माइक होता. ज्याच्याकडे माइक त्याने बोलायचं, बाकीच्यांनी जेवायचं.

"लग्नातसुद्धा एवढी शिस्त नव्हती आपल्याकडे," दादा म्हणाला, पण मुकाट्याने आपल्या जागेवर बसला.

पहिली दहा मिनिटं सगळे बातम्या वाचल्यासारखे बोलत होते. मग भाची माइक न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि हलक्या आवाजात मामीला म्हणाली, "ताईमावशीने केस फारच कापलेत, नाही?"

"उन्हाळ्यात बरं पडतं," ताई टेबलावरून मोठ्याने म्हणाली.

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. भाची लालबुंद होऊन दारात आली आणि सगळं टेबल हसायला लागलं. ताई सगळ्यांच्या आधी हसत होती.

त्यानंतर बोलणं सैल झालं. नियम मोडत होते, कुणीतरी मध्येच बोलायचं, मग ताई नुसता हात वर करायची आणि बोलणारा माइक मागून घ्यायचा. जेवण आटोपल्यावर तिने वहिनीला शेजारी बोलावलं. माइक स्वतःच्या हाताने तिच्या पदराला लावला.

"तुझ्या आईचं मला पुन्हा सांग," ती म्हणाली. "त्या दिवशी मला कळलं नव्हतं."

वहिनीने सांगितलं. सावकाश, पहिल्यापासून. ताईने एकदाही मान उगाच हलवली नाही. न कळलेलं तिने दोनदा परत विचारलं. बटण्या ताटं गोळा करत होता, तो ती तशीच हातात धरून दाराशी थांबला. दादाने त्याच्याकडे पाहिलं आणि अर्धी ताटं आपल्या हातात घेतली.

संध्याकाळी निघताना ताईने चपला घातल्या आणि जाहीर केलं, "पुढचा रविवार माझ्याकडे. खुर्च्या दहाच आहेत, बाकीच्या तुम्ही आणा. आणि नकाशा मी काढणार. दादा माझ्याजवळ नको, फार मोठ्याने चावतो."

"मी?" दादाने विचारलं.

"तूच," ताई म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.