पाणी बसेपर्यंतचा मुक्काम

डॉक्टरांनी मला मासे बघत बसायला सांगितलं होतं. त्यानं म्हणे रक्तदाब उतरतो. कुठले मासे ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यामुळे पुढे जे झालं त्यात चूक निम्मी-निम्मी. गोड्या पाण्यातले मासे पाळणं सोपं असतं असं सगळे म्हणाले, म्हणून मी खाऱ्या पाण्यातले निवडले. नुसते मासेही नाहीत. वाळू, भोकाभोकांचे खडक, खडकांवर प्रवाळ, साफसफाईला गोगलगायी आणि शंखातले खेकडे, लाटा करणारा पंप, पाणी कोमट ठेवणारा हीटर. थोडक्यात समुद्रच, पण मिक्सर मावेल एवढ्या जागेत.

"मग मिक्सर कुठे ठेवायचा?" बायकोनं विचारलं. ती फार्मसिस्ट आहे. नेमकं विचारायची तिला सवय आहे.

मिक्सर कपड्यांच्या कपाटात गेला आणि समुद्र हॉलमध्ये आला.

सुरुवातीला त्या समुद्राचा रंग कोऱ्या चहासारखा होता. खडकांवर तपकिरी साय, वाळूवर तपकिरी साय, काचेवरही तीच. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "होतं असं." हा माणूस कुठल्याही प्रश्नाला आधी "होतं असं" म्हणायचा आणि मग एक बाटली काढायचा. प्रत्येक बाटलीवर एका लखलखीत टाकीचं चित्र असे. त्या टाकीला बाटलीची गरज कधी पडली असेल असं काही वाटत नसे.

अशातच सासूबाई गेल्या, आणि सासरे आमच्याकडे आठ-पंधरा दिवसांसाठी म्हणून आले.

आठ-पंधरा दिवस हे त्यांचंच म्हणणं. मुलीच्या घरी माणसानं पाहुणा म्हणून जावं, वस्तीला नाही, असं त्यांचं ठाम मत. बायकोला वाटत होतं, त्यांनी आता त्या रिकाम्या घरात परत जाऊच नये. स्वयंपाकातलं त्यांना दूध तापवता येतं, तेही उतू जाईपर्यंत. पण "बाबा, इथेच राहा" हे वाक्य काही तिच्या तोंडातून निघेना. त्या घराण्यात सरळ बोलायची पद्धतच नाही. आमच्या लग्नाला त्यांचा होकार आहे हे त्यांनी मला "जिन्यातला दिवा गेलाय, बदलाल का?" असं विचारून कळवलं होतं.

सासरे हवामान खात्यातून निवृत्त झालेले. पाऊस, वारा आणि हवेचा दाब मोजण्यात आयुष्य गेलं. लोक खात्याच्या अंदाजांना हसायचे, त्याचं त्यांना काही वाटत नसे. "अंदाज चुकला तर हवा चुकली," ते म्हणायचे. "मोजमाप चुकलं तर मी चुकलो." आणि मोजमाप त्यांचं कधी चुकलं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनीही तेवढं एकच कौतुक केलं होतं, आणि ते खरं होतं.

आल्यावर दोन दिवस ते खुर्चीत नुसते बसून होते. मग एका सकाळी उठले आणि टाकीसमोर जाऊन उभे राहिले.

"जावईबापू, हे असंच दिसायचं असतं का?"

"नाही."

"मग?"

"मग काय, दिसतंय."

त्यांनी हात मागे बांधले. "पाणी कमी झालं की तुम्ही काय घालता?"

"खारं पाणी. समुद्रात खारंच असतं ना."

"समुद्रात पाऊसही पडतो," ते म्हणाले. "पाणी उडून जातं, मीठ कुठे जात नाही. तुम्ही इतके दिवस नुसतं मीठ वाढवत आलात."

दोन जोकर मासे काचेआडून माझ्याकडे बघत होते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले ते मासे मी बाजारातले सर्वांत हसरे म्हणून आणले होते. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याची काही चिन्हं नव्हती.

त्या दिवसापासून टाकी सासऱ्यांची झाली. त्यांनी दुकानातून क्षार मोजायची नळी आणली. खडक उचलून असे रचले की खालूनही प्रवाह वाहावा. "तुमचं वारं एका कोपऱ्यात फिरून दमत होतं," असं म्हणत त्यांनी पंपाचं तोंड वळवलं. दिव्याला वेळ लावून दिली. तपकिरी साय हळूहळू उतरली. हातोडीसारख्या टोकांचं एक प्रवाळ होतं, ते मी आणल्यापासून मुठीसारखं मिटून बसलेलं, तेही उघडलं. सासरे त्याला बाईसाहेब म्हणू लागले, कारण प्रवाह जरा जोरात झाला की ते अंग चोरून घ्यायचं आणि दिवा लागल्यावर बराच वेळ उठायचं नाही.

"बाईसाहेब उठल्या का?" मी चहा घेताना विचारी.

"आळोखेपिळोखे चाललेत," ते म्हणत.

घरात माणूस बोलायला लागला होता. पण रोज रात्री जेवताना एक वाक्य ठरलेलं: "पाणी बसलं की मी निघतो."

पाणी बसणं म्हणजे काय, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. माशांचं उरलेलं खाणं कुजतं, त्यातून नायट्रेट नावाचा कचरा पाण्यात साचतो. छोट्या कुपीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि रंग बघायचा. लालभडक म्हणजे वाईट, फिका म्हणजे चांगला. रंग फिका होऊन तसाच टिकला की त्यांची सुटका. रंग दर आठवड्याला उतरत होता. बायको ते बघत होती आणि भांडी जरा जोरात आपटत होती.

मग रंग उतरायचा थांबला. पुढच्या आठवड्यात उलट चढला. खडकांवर हिरवं, केसांसारखं शेवाळ धरलं. सासऱ्यांनी निघायचं पुढे ढकललं आणि दुकानदाराला फोन लावला.

"होतं असं," दुकानदार म्हणाला आणि बाटली पाठवून दिली.

एका सकाळी मी अर्धी दाढी करून चष्मा शोधत बाहेर आलो. सासरे फिरायला गेलेले. बायको टाकीपाशी उभी होती, खांद्यावर पर्स, एका पायात चप्पल, हातात माशांच्या खाण्याची डबी.

"काय करतेस?"

"काही नाही."

"अगं, बाबांनी मघाशीच दिलंय त्यांना."

"चिमूटभर तर टाकलं."

"रोज टाकतेस?"

"ती दुसरी चप्पल सरकव इकडे."

मी चप्पल सरकवली. "ते बिचारे बाटल्या ओतताहेत आणि तू..."

"पाणी बसलं की जाणार ना ते? मग नको बसायला."

"आणि हे कुठवर चालवायचं?"

"डोस कमी ठेवलाय. कुणाला काही होणार नाही. मला कळतं त्यातलं."

फार्मसिस्टशी डोसवरून वाद घालू नये. शिवाय माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं घरात सासरे हे एकच माणूस होतं, मलाही ते जायला नको होते. मी जाऊन उरलेली दाढी केली.

त्यानंतर त्या टाकीत जे चाललं, ते एखाद्या सरकारी योजनेला शोभलं असतं. रंग उतरत नाही म्हणून सासऱ्यांनी खाणं निम्मं केलं. मासे उपाशी राहतील म्हणून बायकोनं चिमूट मोठी केली. सासऱ्यांनी पाणी बदललं, बायकोनं भर घातली. जोकर मासे बाळसं धरू लागले. शेवाळ खडकांवरून काचेवर आलं. बाईसाहेबांनी पुन्हा मूठ मिटली, आणि या वेळी उघडायचं नावच घेईनात.

सासऱ्यांचं बोलणं कमी झालं. ते एकाच पाण्याची पाठोपाठ तीनदा तपासणी करायचे. कुपी खिडकीशी नेऊन धरायचे, परत दिव्याखाली आणायचे. एकदा न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डोळे ठणठणीत निघाले. घरी आले तेव्हा चेहरा असा, की काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"जावईबापू, हा रंग तुम्हाला कसा दिसतो? मी सांगत नाही. तुम्ही सांगा."

"लाल."

"मलाही." ते खाली बसले. "खाणं देतो ते मला आठवतं तेवढंच असेल, असं काही नाही ना? एकदा दिल्यावर विसरून पुन्हा देत असेन. तसंच असणार, दुसरं कारणच नाही." कुपी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली. "हिच्या आजारपणात औषधांच्या वेळा मीच बघत होतो. सगळी मापं मीच. तेव्हा मला स्वतःबद्दल शंका आली नव्हती. आता येतेय."

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"बाबा, ते खाणं मी टाकत होते."

बायको हात पुसतही नव्हती. ओले हात तसेच धरून उभी होती.

"रोज सकाळी. तुम्ही फिरायला गेलात की. तुमचं माप बरोबर आहे. आईच्या वेळीही बरोबरच होतं. मी दर आठवड्याला सगळ्या गोळ्या मोजत होते, एकही इकडची तिकडे नव्हती."

सासरे उठले, पायात बूट घातले आणि फिरायला निघून गेले. दुपारी ते कधीच जात नसत.

पुढे काही दिवस ते आमच्याशी फक्त टाकीपुरतं बोलले. "बादली द्या." "दिवा मालवा." हातानं एकेक खडक बाहेर काढून ते जुन्या टूथब्रशनं शेवाळ खरडत, टाकीतल्याच पाण्यात विसळत आणि परत लावत. खाण्याची डबी कुणी लपवली नव्हती. ती तिथेच होती, बायको तिच्याकडे बघतही नव्हती. रंग उतरला. उतरलेला टिकला. बाईसाहेबांनी एक बोट उघडून पाहिलं, मग दुसरं.

सासऱ्यांनी सकाळची गाडी ठरवली.

निघायच्या वेळी बॅग दाराशी होती, बूट पायात होते, आणि खाली गाडीवाला हॉर्न देत होता. बायको दारात उभी राहिली. मला वाटलं, आता ती हीटरचं काहीतरी काढणार, नाहीतर माशांना तुमची सवय झालीय असं म्हणणार.

"बाबा, जाऊ नका," ती म्हणाली.

सासऱ्यांनी बॅगेचा पट्टा सारखा केला. "मी रागावून नाही चाललो."

"माहितीये."

"पाणी बसलंय आता."

"मला पाण्याचं काही बोलायचं नाहीये. तिथे तुम्ही एकटे नकोत मला. इथे राहा."

"मग इतके दिवस म्हणाली का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो," त्यांनी मान्य केलं. "दोन-तीनदा म्हणालो असतो. त्यानंतर काय म्हणालो असतो, ते मला सांगता येत नाही. तू विचारलंच नाहीस."

"आता विचारतेय."

खालून पुन्हा हॉर्न आला.

"जावईबापू, त्याला जरा सांगा."

"थांबायला सांगू, की जायला?" मी विचारलं. हा प्रश्न कुणीतरी विचारणं भाग होतं. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

"एक आहे पण," सासरे मुलीला म्हणाले. "तो माझा टॉवेल बदल."

"का? काय झालं त्याला?"

"पाहुण्यांचा आहे तो. मऊ आहे, पाणी टिपत नाही, नुसतं इकडचं तिकडे करतो. आल्यापासून ओल्या अंगानं सदरा घालतोय मी. तुम्ही वापरता तसला दे."

"आमचा फाटलाय."

"चालेल."

मी खाली जाऊन गाडीवाल्याला पाठवून दिलं. वर आलो तर सासरे अजून दाराशीच, एक बूट काढून, दुसरा पायातच. दुसऱ्या नाडीची गाठ सुटत नव्हती. बायको खाली बसून नखांनी ती उकलत होती.

"इतकी घट्ट कुणी बांधतं का, बाबा?"

"लांब जायचं होतं म्हणून बांधली. ओढू नकोस, अजून आवळतेयस. ते टोक नव्हे, दुसरं."

"पाय हलवू नका हो."

"हलवत नाहीये. तूच ओढतेयस."