अर्धा अंश

मी जिवाणूंना भाजते. म्हणजे पीएचडी करते. त्यांच्यातलं एक प्रथिन पिढ्यान्‌पिढ्या बदलत उष्णता सोसायला कसं शिकतं, हा माझा विषय. दर दोन महिन्यांनी तापमान अर्धा अंश वाढवायचं, जगतील तेवढे पुढे न्यायचे. चार वर्षांत सदतीसवरून अठ्ठेचाळीसवर आणलंय मी बेट्यांना.

घरीही हाच उद्योग चालू होता, फक्त फ्लास्कमध्ये मी होते. आधी नवऱ्याने ताट भिंतीवर फेकलं. मग दंड पिरगाळला. मग कानशिलात, मग लाथ. सासूबाई म्हणायच्या, "भांड्याला भांडं लागायचंच." भांडं मी एकटीच होते, तो हातोडा होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मी स्वतःला खंबीर समजत होते.

सोमवारी डावा डोळा सुजून बंद होता. प्रत्येक टप्प्याचे जिवाणू आम्ही गोठवून ठेवतो. फ्रीझरमधून बाविसाव्या टप्प्याची कुपी काढायची, ती मी चुकून शून्याची काढली. दुसऱ्या दिवशी जिवाणू वाढून फ्लास्क गढूळ व्हायला हवा होता, तो नितळ पाण्यासारखा.

"अगं, हे मूळचे, सदतीसवाले!" गाइड मॅडम ओरडल्या. "थेट अठ्ठेचाळीसला टाकलेस? मरणारच की!" मग माझ्या डोळ्याकडे बघून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

लग्नाच्या पहिल्याच दिवशी त्याने लाथ मारली असती, तर मी त्याच दिवशी चालती झाले असते. बसमध्ये एवढंच डोक्यात घोळत होतं.

संध्याकाळी भाजी खारट झाली होती. त्याने केस धरून माझं कपाळ कपाटावर आपटलं. रक्त नाकावरून ओघळलं. मी खाली कोसळले, तिथे चार वर्षांची लेक चित्र रंगवत बसली होती. ती दचकली नाही. तिने कागद शांतपणे बाजूला ओढला.

"आई, चित्रावर रक्त नको ना सांडूस."

ही पोर जन्मलीच होती अठ्ठेचाळीसवर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी उठले. त्याने पुन्हा लाथ उगारली, तेव्हा माझ्या हातात ओट्यावरचा लोखंडी तवा होता. पहिला घाव गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो गुरासारखा ओरडला. दुसरा घाव मनगटावर घातला, ज्या हाताने केस धरले होते त्याच हाताच्या.

लेकीला कडेवर घेतलं आणि माहेरी निघाले. जिन्यात ती थरथर कापायला लागली, मग भोकाड पसरून रडली. चार वर्षांत पहिल्यांदा घाबरली होती माझी पोर. मी तिला गप्प केलं नाही.