तत्त्वज्ञानाच्या तासाला कोरा राहणारा फळा

मी एक जुना फळा आहे. विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर, उंच खिडक्यांच्या एका खोलीत माझं बहुतेक आयुष्य गेलं. तिथे दुपारच्या उन्हात खडूची धूळ संथपणे तरंगत राही, आणि जागा असूनही मला स्वप्नात असल्यासारखं वाटे.

मित्रांनो, मला दोन सुतार भावांनी घडवलं. धाकटा मला घासून घासून आरसा करायला निघाला होता. थोरला म्हणाला, "अरे, पुरे कर. थोडा खरखरीत राहू दे त्याला, नाहीतर खडू नुसता घसरेल." त्या खरखरीतपणामुळेच मी कामाचा ठरलो.

माझ्या खोलीत निरनिराळ्या विषयांचे तास भरत. सकाळी भाषेच्या बाई येत आणि परक्या लिपीतली अक्षरं माझ्यावर पाखरांसारखी उतरत. मग अभियांत्रिकीचे सर पूल काढत आणि घाईघाईत तो पुसायचा विसरून जात. मागून येणाऱ्या सार्वजनिक धोरणाच्या बाई त्याच पुलावर बोट ठेवून विचारत, "हा पूल झाला, तर इथल्या नावाड्यांनी काय करायचं?" वर्गात वाद रंगे. माझ्या अंगाखालून जणू नदी वाहू लागे.

शेवटचा तास तत्त्वज्ञानाचा. ते सर माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत. हात मागे बांधून, खिडकीकडे तोंड करून ते बोलत. मुलं तल्लीन होत. मी कोराच राही आणि मनातून जरा हिरमुसे.

एका वर्षी पहिल्या बाकावर एक मुलगी येऊन बसू लागली. तिला फारच कमी ऐकू यायचं. बाकीचे विषय ती माझ्यावरून वाचून घेई, समोरच्याच्या ओठांवरूनही बरंच ओळखे. पण तत्त्वज्ञानाच्या तासाला तिच्या वाट्याला सरांची पाठच येई. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली.

"सोड ना हा विषय. दुसरा घे," तिची मैत्रीण तिच्यासमोर उभी राहून म्हणाली.

"का सोडू? मला हाच शिकायचाय," असं म्हणून ती उठली आणि तडक सरांसमोर गेली. "सर, तुम्ही काय बोलता ते मला ऐकू येत नाही."

सर चपापले. "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, सर. मागच्या तासालाही सांगितलं. तुम्ही खिडकीकडे बघत होतात."

सरांचा चेहरा पडला. मग तिला नीट दिसेल असं वळून ते सावकाश म्हणाले, "उद्यापासून लिहितो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खडू हातात घेतला, तो आधी तुटलाच. मग वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'माणसाने दिलेला शब्द का पाळावा?' खाली उत्तर लिहिलं, वाचलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. वर्गाकडे वळून ते म्हणाले, "बोलताना हे मला सोपं वाटायचं. लिहायला गेलो, तर मधला दुवाच सापडत नाहीये."

ती मुलगी पुढे आली. तिने खडू घेतला आणि माझ्यावर लिहिलं, 'कारण त्या शब्दाच्या भरवशावर कुणीतरी आपलं काही उभारलेलं असतं.'

सरांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. "चला," ते म्हणाले, "इथूनच सुरुवात करू."

ती पास झाली आणि त्याच विषयात पुढे शिकत राहिली. ती गेल्यावरही सर लिहीतच राहिले. अक्षर मात्र त्यांचं काही सुधारलं नाही.

पुढे खोलीत चकचकीत पडदा आला. त्यावरची पानं भराभर सरकू लागली आणि मला बाहेरच्या व्हरांड्यात हलवलं गेलं. आता माझ्यावर कागद डकवतात, कुणी किल्लीने नावं कोरतं. पडद्यावर माझा राग नाही. तोही शिकवतोच की.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला ओरबाडू नका, कधीमधी ओल्या फडक्याने पुसा. आणि तुम्ही कुणाला काही समजावून सांगाल, तेव्हा समोरच्यापर्यंत ते पोहोचतंय ना, हे जरा थांबून विचारा. पोहोचत नसेल तर या, माझ्यावर लिहून दाखवा. मी मोकळाच आहे.