हातोडीभोवतीची फुलं

आमच्या पोन्से शहरात घरी समुद्री टाक्या ठेवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. मंडळातलं कुणी आजारी पडलं की भेटायला जाताना लोक आपल्या टाकीतल्या प्रवाळाची एखादी फांदी तोडून नेतात. माझ्या नवऱ्याला, एलियुदला, पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्याच्या मित्राने, चागोने, अशीच एक फांदी आणली. मी इस्पितळात होते. चागोने शेजारणीकडून किल्ली घेतली आणि फांदी ज्या दगडावर होती त्या दगडासकट थेट आमच्या टाकीत सोडली. नवा दगड आधी वेगळ्या बादलीत ठेवून पारखायचा, हा नियम मंडळाला एलियुदनेच घालून दिलेला. पण चागो रडत होता, असं शेजारीण म्हणाली.

दगडाच्या फटीत एक समुद्रफूल होतं. फुलासारखा दिसणारा जीव; तपकिरी, अर्धपारदर्शक, नखाएवढा.

एलियुद घरी आला तेव्हा त्याच्यापाशी मोजके शब्द उरले होते. बहिणीचं नाव आठवत नव्हतं. माझं कधी आठवायचं, कधी नाही. टाकीसमोर खुर्ची ठेवली की मात्र तो मधल्या मोठ्या प्रवाळाकडे बोट करून स्पष्ट म्हणायचा, "हातोडी." त्या प्रवाळाच्या हिरव्या बोटांची टोकं हातोडीसारखी दिसतात, म्हणून ते नाव. आमच्या लग्नाच्या वर्षी आणलेला तो एकाच फांदीचा तुकडा आता ओंजळीत मावत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ज्याला धरून तो बोलतो ते जपा. मी हातोडी जपायला लागले.

तोवर समुद्रफुलं तिच्या बुडापर्यंत पोचली होती. त्यांचा डंख बसला की प्रवाळ आक्रसतं आणि हळूहळू मरतं. मी चुना दाट कालवून सुईने एकेकाच्या तोंडात सोडायचे. सुईची चाहूल लागली तरी ती फटीत शिरतात, म्हणून हात फार सावकाश न्यावा लागतो.

एका रविवारी नणंद मिग्दालिया खिम्याचे पास्तेलियो तळून घेऊन आली.

"वा! नवऱ्याची औषधं राहिली बाजूला, ही फुलांना इंजेक्शनं देतेय!"

"ताई, हसवू नका, हात हलतो."

"अगं पण एवढा खटाटोप कशाला? सुरी घे आणि टाक खरवडून. मी कढई खरवडते तशी."

"नको," एलियुद म्हणाला. आम्ही दोघी वळलो. "खरवडू नको. तुकडा उरतो. एकाची दहा होतात."

मिग्दालियाच्या हातातली ताटली तशीच राहिली. आजारपणानंतरचं त्याचं हे पहिलं सलग बोलणं होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता.

"बहिणीला झापायला बरी वाचा फुटली रे तुला!" असं म्हणून ती डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. तो हसला.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मला माहीत होतं. तरी मी तो काढला: एलियुद बरा होतोय. कामावर पाण्याचे नमुने तपासताना ते वाक्य मनात म्हणत राहायचे.

मग एका दुपारी घरी आले तर तो टाकीजवळ उभा होता. चांगला हात खांद्यापर्यंत भिजलेला, हातात भाजीची सुरी. दगड स्वच्छ दिसत होते. पाणी गढूळ झालं होतं, आणि पंपाच्या प्रवाहाबरोबर तपकिरी कण टाकीभर फिरत होते.

"झालं," तो म्हणाला. "साफ. तुझ्यासाठी."

"कुणी सांगितलं तुला असं करायला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? असंच करतात."

मी पंप बंद केला. नळीने ओढून जमतील तेवढे कण बादलीत घेतले. बादली त्यानेच धरली, आनंदाने. वाळूत आणि हातोडीच्या फांद्यांमध्ये जे गेलं ते निघण्यासारखं नव्हतं.

"छान केलंस," मी म्हणाले.

समुद्रफुलं सगळीकडून उगवली. काचेवर, पंपाच्या तोंडाशी, हातोडीच्या प्रत्येक बेचक्यात. चुना पुरेना. चागोने त्यांना खाणाऱ्या कोळंब्या आणून सोडल्या. पण फुलांना सोडून माशांचंच खाणं खाऊन त्या गलेलठ्ठ झाल्या. हातोडीने बोटं बाहेर काढणं बंद केलं. मग तिचं मांस सुटून वाहून गेलं आणि पांढरा सांगाडा राहिला. एलियुदला मी काही सांगितलं नाही. तो समोरच बसलेला असायचा.

पुढे एकदा मिग्दालिया आली तेव्हा मी सुई भरत होते. तिने त्याच्या शेजारी खुर्ची ओढली.

"काय राजे, तुमची हातोडी कुठेय? दाखवा बघू."

त्याने लगेच हात उचलला आणि काचेवर बोट टेकवलं. मागे एक मोठं तपकिरी समुद्रफूल प्रवाहात डोलत होतं.

"हातोडी," तो म्हणाला. स्पष्ट.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सुई खाली ठेवली.

"अगंबाई," ती त्याला म्हणाली, "केवढी मोठी झाली!"

मी सुई नळाखाली धुतली आणि माशांच्या खाण्याची डबी त्याच्या हातात दिली. तो चिमूट चिमूट करून पाण्यात सोडू लागला. फुलं एकेक करून उघडली.