मागणारं कोणी उरलं नाही

या, जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं, कारण ही गोष्ट मोठ्याने सांगायची नाही. भोंगा वाजायला हवा होता आणि वाजला नाही, त्या दुपारची ही गोष्ट आहे. देवाची करुणा अशी, की ती सांगायला आज उसंत आहे. ऐका.

एक घर होतं. घरात आई, थोरली लेक आणि धाकटा लेक. आईच्या छातीतलं बळ गेलेलं. गळ्यापाशी नळी आणि नळीच्या टोकाला यंत्र. ते श्वास देई तेव्हा ती घेई. नळी सुटली की यंत्रातला भोंगा वाजायचा. थोरली अशीच यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. यंत्राच्या आत कर्नेल नावाचा एक कारभारी असतो, माणूस नव्हे, संगणकाचा प्रोग्राम. कोणत्या भागाला किती व्होल्टेज द्यायचं, कोणाचं कधी तोडायचं, हे तो बघतो. त्याला शहाणपण शिकवायचं काम थोरलीचं.

त्या कारभाऱ्याचा नियम सरळ आहे. ज्याला वीज हवी त्याने मागावी, काम संपलं की सोडली म्हणून सांगावं. एका तारेवर दोघं असले तर दोघांनी मागावं. मागणारं कोणी उरलं नाही, की तो तार बंद करतो. निर्दयपणे नव्हे हो, काटकसरीने.

वीज गेली की आईच्या यंत्राची बॅटरी लवकर बसायची. थोरलीचा जीव वरखाली व्हायचा. म्हणून तिने यंत्राच्या कोडमध्ये बदल केला: कोणी हात लावत नसेल तर स्क्रीन विझावी. कारखान्यात सगळ्यांनी तपासला, शाबासकी दिली. काही घरांत आधी चालवून बघायचं ठरलं, तेव्हा ती म्हणाली, "पहिलं माझ्या आईचं." सकाळी निघताना स्वतःच्या हाताने तिने तो यंत्रात घातला आणि आईच्या कपाळावरून हात फिरवून कामावर गेली.

दुपारी ती चहा घेऊन टेबलाशी परतली. टेबलावर तोच बदल घातलेलं चाचणीचं यंत्र होतं, त्याची स्क्रीन विझलेली. शेजारचा सहकारी, ज्याला सगळे दाढी म्हणत, नळी काढून पुसत बसला होता.

"भोंगा बंद केलास ते बरं केलंस," दाढी म्हणाला. "रोज बोंबलून डोकं उठवतो मेला."

"मी कुठे बंद केला?"

"मग? नळी काढून किती वेळ झाला. हूं की चूं नाही."

थोरलीने स्क्रीनला बोट लावलं. उजेड आला आणि त्याच क्षणी भोंगा किंचाळला. तिने हात मागे घेतला, स्क्रीन विझू दिली. भोंगा मध्येच तुटला. मीटरची टोकं तिने तारेला लावली. आकडा शून्यावर.

"अरे देवा," दाढी म्हणाला. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

नळी सुटली हे ओळखणारा सेन्सर, भोंगा आणि स्क्रीन, तिघं एकाच तारेवर. स्क्रीन मागून घेत होती. सेन्सर आणि भोंग्याच्या कोडने कधी मागितलंच नव्हतं. सुरुवातीपासून वीज मिळत होती, मग मागायचं कशाला? स्क्रीन जागी होती तोवर तिच्या मागण्यावर तिघंही जगले. आणि तपासणारे सारे यंत्राला बोटं लावत, स्क्रीनकडे बघत तपासत होते. बघणारं माणूस असलं की यंत्रात खोट नव्हती. माणूस दूर गेलं, की होती.

तिने धाकट्याला फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. तो भोंग्याच्या भरवशावर बाहेरच्या खोलीत झोपत असे. "वाजला की उठेन," हे त्याचं रोजचं वाक्य.

मग तिने घराखालच्या शिंप्याला फोन केला.

"ताई, पँट उद्या नक्की! आज मशीन—"

"काका, वर पळा. दार वाजवा, तोडा, काहीही करा. आईकडे जा. फोन चालू ठेवा."

जिन्यावर धापा टाकणं ऐकू आलं. दारावर थापा, कडी, धाकट्याचा झोपाळू आवाज, "काका, काय झालं?" पावलं. मग काहीच नाही. थोरलीने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"ताई," शिंपी कुजबुजला, "घाबरवलंत उगाच. सगळं शांत आहे. छान झोप लागलीय माउलीला."

"काका, झोपेकडे नका बघू. नळी बघा!"

पलीकडे चादर सरकवल्याचा आवाज आला.

"नळी... उशीवर पडलीय."

पुढे धाकट्याचं ओरडणं, "आई! ए आई!" आणि काहीतरी खाली पडल्याचा आवाज. थोरली त्या फोनकडे बघत राहिली. नाम तोंडात येईना, नुसते ओठ हलत होते. शेवटी नळी जागेवर बसल्याची खट झाली आणि पलीकडून एक घरघरता, ओढून घेतलेला श्वास ऐकू आला. मग दुसरा.

ती घरी पोचली तेव्हा आईचे ओठ अजून निळसर होते. धाकट्याला उठवायला उशाला ठेवलेली हाताची घंटी तशीच होती.

"वाजवली का नाहीस गं?" थोरलीने तिचा हात धरून विचारलं.

आई एकेक श्वासाला एकेक तुकडा बोलली. "पोरगा... नुकता झोपला होता. म्हटलं... नळी मीच बसवीन. मग... हातच उचलेना."

धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शिंपी दारातच बसला होता, मोजपट्टी अजून गळ्यात.

थोरलीने आधी आईच्या यंत्रातला बदल काढला, मग तो बदल गेलेल्या उरलेल्या घरांना एकेक फोन केला. सगळीकडे वेळेवर पोचला. पुढे सेन्सर आणि भोंग्याच्या कोडमध्ये तिने मागणी लिहिली: मला वीज हवी, स्क्रीन जागी असो वा नसो. आता दाढीसुद्धा यंत्र तपासताना स्क्रीन विझवतो आणि पाठ फिरवून उभा राहतो. पण घरात जरा शांतता झाली की थोरली आजही हातातलं काम टाकते. ती उठते आणि नळीला हात लावून येते.

आता उठाल, घरी जाल. तुमच्या घरातली एखादी खोली फार शांत वाटली, तर हातातलं काम ठेवून आत डोकावा. आणि डोकावताना त्या आईची आठवण ठेवा, जिने उशाशी घंटी असून लेकराची झोप मोडली नाही.