लाईट गेल्यावर काय उरतं

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या सगळ्या कळांवरची अक्षरं शाबूत आहेत. फक्त कंट्रोल आणि एस या दोन कळा पुसून गुळगुळीत झाल्या आहेत. त्या दोनच का, हे सांगायचं तर प्रभुलिंग सरांबद्दल सांगावं लागेल.

मी तैवानमध्ये तयार झालो, असं माझ्या पाठीवर लिहिलं आहे. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते १९९८ साल आणि कोल्हापुरातलं सरांचं घर. सर शाळेत गणित शिकवत आणि प्रश्नपत्रिका माझ्यावर टाइप करत. ज्या प्रोग्रॅममध्ये ते लिहीत, तो देशोदेशीच्या माणसांनी मिळून केलेला होता. त्याचं आतलं लिखाण कुणालाही वाचता येई, दुरुस्तही करता येई. सरांना याचं फार नवल वाटे. "माझ्या वहीतली चूक कुणीबी काढा, म्हणणारी माणसं हाईत बघ जगात," असं ते आपल्या बायकोला, दानम्मांना सांगत.

पण आमच्याकडे लाईट जाई. एकदा वेळापत्रकाप्रमाणे आणि एकदा वेळापत्रक सोडून. मग लिहिलेलं नाहीसं होई. म्हणून सर दर दोन ओळींनी माझ्या त्या दोन कळा दाबून मजकूर साठवत. २००३ साली एकदा विसरले आणि सहामाहीची अख्खी प्रश्नपत्रिका गेली. मग त्यांनी प्रोग्रॅमचं आतलं लिखाण वाचायला घेतलं. प्रोग्रॅमने दर मिनिटाला आपणहून मजकूर साठवावा, अशी दुरुस्ती त्यांनी महिनाभर खपून लिहिली आणि फ्लॉपीवर घेऊन सायबर कॅफेतून त्या प्रोग्रॅमवाल्या माणसांना पाठवली.

तिकडून विचारणा आली, "तुमच्याकडे वीज इतक्यांदा का जाते?" सरांनी भारनियमनाचं वेळापत्रकच इंग्रजीत करून पाठवलं. पुढचा प्रश्न मात्र अवघड होता. मजकूर साठवत असतानाच वीज गेली तर? याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुरुस्ती घेणार नाही, असं तिकडून कळवलं होतं.

सरांनी तेरा वर्षांच्या लेकीला, शांभवीला, मेन स्विचपाशी स्टुलावर उभं केलं.

"घालव!"

खट्. पुन्हा सुरू करून पाहिलं, तर फाईल कोरी. जुनं लिहिलेलंही गेलेलं.

स्वयंपाकघरातून दानम्मा ओरडल्या, "आवं, सरकार घालवतंय तेवढी बास न्हाय व्हय? आता घरात बी घालवाय लागलाय!"

त्या दिवशी हुपरीहून सरांचे थोरले भाऊ अण्णासो आले होते. त्यांचं चांदीच्या पैंजणांचं काम; जुनी जोड वितळवून नवी घडवायची. "एवढं काय गेलं रं?" त्यांनी विचारलं.

"जुनं पुसून त्याच जागी नवं लिहितोय, अण्णा. मधीच लाईट गेली की दोन्ही जातंय."

"खुळा का काय तू? गिऱ्हाईकानं नवी जोड पसंत करंपतोर जुनी आटवायची न्हाय. बापानं शिकवलं न्हवतं व्हय?"

सरांची बोटं माझ्यावर तशीच थांबली. मग ती जी धावली, ती मी विसरलो नाही. आता प्रोग्रॅम नवा मजकूर बाजूला लिही आणि तो पुरा झाल्यावरच जुना सोडी. शांभवीने चाळीस वेळा लाईट घालवली. प्रत्येक वेळी काहीतरी उरलं. जुनं तरी, नाहीतर नवं तरी.

दुरुस्ती स्वीकारली गेली. "पास झालो गं!" असं शांभवीला म्हणत सरांनी मला थोपटलं. तेवढंच माझं कौतुक.

पुढे नवा कीबोर्ड आला आणि मी माळ्यावर गेलो. सर गेल्याचं मला तिथेच कळलं. घरात खूप माणसं आली, आणि सरांचा आवाज तेवढा आला नाही.

२००९ साली शांभवीने मला खाली काढलं, पुसलं, जोडलं. तोच प्रोग्रॅम उघडला. त्यात एक पान असतं, तो ज्यांनी ज्यांनी घडवला त्यांच्या नावांचं. ते तिने कधी पाहिलं नव्हतं. ती नावं वाचत सावकाश खाली सरकली आणि एका ओळीशी थांबली.

'प्रभुलिंग, कोल्हापूर. युक्ती : अण्णासो, हुपरी. मेन स्विच : शांभवी.'

तिने दोन बोटं माझ्या गुळगुळीत कळांवर ठेवली आणि दाबली. खरं तर आता त्याची गरज नव्हती.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, एवढंच मागणार होतो. पण तुम्ही रोज जे वापरता, त्यातलं नावांचं पानही एकदा उघडून बघा.