उंबऱ्याचा दगड

"दगडापरीस ह्या गावची मानसं टणक," पाथरवट चांदसाहेब दगड कोरायच्या टाकीला धार लावता लावता पुटपुटला. "सकाळधरनं तिसऱ्यांदा नावं फिरवली. ह्यो दगड हाय का पोरांची पाटी, पुसून लिवायला?"

भरलेली घागर कडेवर घेऊन बनुबाई विहिरीपाशीच उभी होती. तिला हसू आलं, ते तिनं पदराआड ढकललं.

बहात्तरच्या दुष्काळात गावानं खपून बांधलेली ही विहीर. मदत करणाऱ्यांच्या नावांचा दगड आता तिच्यावर बसायचा होता, म्हणून जतहून चांदसाहेबाला आणलं होतं. खणताना जी माणसं कंबरदुखीच्या नावाखाली घरी लोळली, तीच आता आपलं नाव वर घ्या म्हणून भांडत होती.

बनुबाईनं दगड दिले होते. घर बांधायचं म्हणून तिच्या नवऱ्यानं घडीव दगड दारात रचले आणि तो माधवनगरच्या गिरणीत कामाला गेला. आधी दिवाळीला यायचा, मग तेही थांबलं. त्या ढिगावर तिनं कैक वर्षं शेणी वाळवल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, "सुट्टी गावंना त्यास्नी." विचारणारे मान डोलवायचे. माधवनगरातलं त्याचं दुसरं बिऱ्हाड सांगलीच्या बाजाराला जाणाऱ्या निम्म्या गावानं पाहिलं होतं, पण बनुबाईच्या दारात आलं की सगळ्यांची जीभ जड व्हायची.

विहिरीचं काम दगडावाचून अडलं, तेव्हा तिनं आपणहून ढीग गाड्यांत भरून दिला. मागं ठेवला तो एकच, उंबऱ्याचा. मागच्या आठवड्यात विहिरीचे पुढारी नानासो तोही घेऊन गेले. नावं कोरायला एवढा सपाट दगड गावात दुसरा नव्हता. "समद्यांत वर तुजं नाव," असं म्हणाले होते.

"चांदभाई, माजं नाव कुठलं वं?" तिनं विचारलं. तिला अक्षर येत नव्हतं. नुसतं बोट फिरवून बघायचं होतं.

चांदसाहेबानं खडूच्या ओळी न्याहाळल्या. "बनुबाई कुटं दिसत न्हाई. वर हाय ते 'श्री. गुंडा सिद्धू, मुक्काम माधवनगर.'"

तेवढ्यात नानासो आले.

"आवं नानासो, दगड म्या दिलं."

"न्हाई कोन म्हनतंय? पर मालकाचं नाव म्हंजे तुजंच न्हवं? उद्या त्यो आला आन म्हनला, माज्या दगडावर माजं नाव का न्हाई, तर मी काय सांगू?"

"व्हय की," शेजारची शालूबाई रहाट ओढता ओढता म्हणाली. "औंदा दिवाळीला येतीलच."

"सुट्टी गावली की येईल," नानासो म्हणाले.

बनुबाईचंच वाक्य. इतकी वर्षं तिनं गावाला पुरवलं, आणि आज गावानं ते जसंच्या तसं तिच्या ओटीत घातलं. तिला नानासोंचा राग आला, त्याहून जास्त त्या वाक्याचा.

"काय ते एकदा ठरवा," चांदसाहेब कंटाळून म्हणाला. "टाकी बसली की माघार न्हाई. बाई, मालकाचं नाव गुंडाच न्हवं? तुमीच सांगा."

"ती कशी सांगंल?" शालूबाई हसली. "बायकू न्हवऱ्याचं नाव घेती व्हय? लग्नात उखाण्याला घेतलं तेवढंच."

बनुबाईनं घागर खाली ठेवली. हात पाण्यात बुडवला आणि वरची ओळ पुसून काढली. खडूचं पांढरं पाणी दगडावरून ओघळलं.

"गुंडा यायचा न्हाई," ती म्हणाली.

शालूबाईच्या हातातला दोर थांबला.

"त्यानं तकडं घर केलंय, नानासो. उंबऱ्यासकट."